सात नंबरचा अंगरखा

१

सात नंबरच्या अंगावर कपडे होते.

ते पाहून मी फळीसमोर बराच वेळ उभा राहिलो. फळीवर निरंजनने केलेले बारा मावळे ओळीने उभे होते. प्रत्येकाची उंची फूटभर, शरीर बाहेरून मागवलेलं, मऊ, कातडीसारख्या प्लॅस्टिकचं. चेहरे त्याने स्वतः घडवलेले, कपडे खऱ्या कापडाचे. सातवा गडावरचा पहारेकरी. लाल अंगरखा, लाल पागोटं. चेहरा निरंजनच्या वारलेल्या वडिलांचा, ज्योतीरामांचा.

"भाऊ, काय झालं?" निरंजनच्या आईने, रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"काही नाही. यादी करतो."

त्यासाठीच त्यांनी मला बोलावलं होतं. चाळीस वर्षं मी कामगारांच्या वाचनालयात पुस्तकांच्या याद्या केल्या. यादीच्या पलीकडचं काम मला कधी धड जमलेलं नाही. पाच दिवसांपूर्वी, गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास, काळेवाडीतल्या याच तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून निरंजन खाली पडला आणि जागीच गेला. त्याला कठड्यावर चढताना पाहिल्याचं घरमालकिणीचा मुलगा रविराज याने पोलिसांना सांगितलं. बायको दिपाली दोन महिने माहेरी होती. आई जत्रेसाठी गावी, धाराशिवकडे गेली होती. घरात तो एकटाच. पोलिसांनी आत्महत्या लिहून घेतली.

मी सात नंबर खाली घेतला आणि अंगरख्याचे बंद सोडले.

निरंजन कपड्याखाली नेहमी गुंडाळायचा तो पारदर्शक कागद आत नव्हता. कमरेभोवती, काखेत आणि मानेवर लाल रंग उतरला होता. डागाच्या कडा इतक्या ठसठशीत होत्या की कापडाची शिवणसुद्धा त्यात उमटली होती. आणि खांद्यावर दोन पिवळे ठसे होते. एक पुढून, एक मागून. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत कोणीतरी धरल्यासारखे.

"डाग पडला व्हय?" रुक्मिणीबाई जवळ आल्या. "त्यांच्या तोंडाला तर नाही ना लागला? जाईल का हो हा?"

"लाल कठीण आहे. पिवळा हळदीसारखा दिसतोय. हळद उन्हात उडते." नको तिथे मला पुस्तकातलं आठवतं.

त्यांनी मान हलवली. मग फळीकडे न बघताच त्या म्हणाल्या, "गावाकडचे इचारायलेत, पोरानं जीव कशापायी दिला. सुनेला शिव्या द्यायलेत. मी बी दिल्या. पर मला एवढंच सांगा भाऊ, तुम्ही त्याला वळखत होता. दिला का त्यानं जीव?"

एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. त्या गुरुवारी दुपारी हा सात नंबर उघडा होता आणि त्याचे कपडे पाण्यात होते.

२

निरंजन चाकणच्या एका कंपनीत, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामाला होता. गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या दिवशी तो हमखास वाचनालयात यायचा आणि जुन्या पोशाखांची चित्रं असलेली पुस्तकं मागायचा. मी लोकांशी फारसं बोलत नाही, पण त्याच्याशी बोलायचो. तो प्रश्न विचारून उत्तराची वाट बघायचा. अशी माणसं कमी असतात.

"काका, कपडा जितका सुंदर तितका घातकी," तो सांगायचा. "नवीन लाल, काळा, निळा कपडा अंगावर राहिला की रंग हळूहळू प्लॅस्टिकच्या आत उतरतो. वरून दिसत नाही. सहा महिन्यांनी कपडा काढला की समजतं, तोवर उशीर झालेला असतो. आणि आपल्याकडे एप्रिलचा उकाडा आणि डोक्यावर तापलेली गच्ची."

त्यावर त्याने नियम केले होते. कपडा आधी मिठाच्या आणि व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवायचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा. मग ओली पांढरी चिंधी त्यावर दाबायची. चिंधी रंगली तर पुन्हा पाण्यात. नाही रंगली तर दोन दिवस सावलीत वाळवायचा. मूर्तीला स्वयंपाकघरातला पातळ पारदर्शक कागद गुंडाळायचा आणि मगच कपडा चढवायचा. तेल किंवा हळद लागलेल्या हाताने मूर्तीला शिवायचं नाही. प्रत्येक मूर्तीची नोंद एका वहीत. ती वही ठेवायला मीच सुचवलं होतं.

त्या गुरुवारी तो अकराच्या सुमाराला आला होता.

"सात नंबर छळतोय, काका. तिसऱ्यांदा धुतला तरी चिंधी लाल. परत मिठात टाकलाय. दुपारी गच्चीवर जिन्याच्या सावलीत वाळत घालतो. येता का बघायला?"

ऊन फार होतं. मला लोकांच्या घरी जायला संकोच वाटतो. मी म्हणालो, "पुढच्या गुरुवारी."

रुक्मिणीबाईंच्या मोरीत पांढरा टब पालथा होता. मी तो सरळ केला. आतल्या बाजूला लाल रंगाचं वळं होतं. म्हणजे कपडे टबातून बाहेर निघाले होते. आणि ओलेच कोणीतरी सात नंबरला घातले होते. निरंजनने ते कधीच केलं नसतं.

पण मरायला निघालेला माणूस नियम पाळतो का? हा प्रश्न मला घरी जाताना बसमध्ये पडला, आणि त्या रात्री मला वाटलं की मी एका बाहुलीवरून उगाच इमले बांधतोय.

३

तरी दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी पिंपळे गुरवला दिपालीच्या माहेरी गेलो. तिने दार अर्धवट उघडलं.

"सासूबाईंनी पाठवलं? अजून काही शिव्या राहिल्या असतील."

"नाही. मी सात नंबरबद्दल विचारायला आलोय."

ती एकदम रडायला लागली. सावरल्यावर तिने मला आत बसवलं. शिलाई मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज अर्धा शिवलेला होता. मावळ्यांचे सगळे कपडे तिनेच शिवले होते.

"भांडण त्यावरूनच झालं, काका. मी म्हटलं, घरात माणसं किती आणि बाहुल्या किती ते एकदा मोज. तो म्हणाला, मोजतो, वहीत लिहितो. असा होता." ती हसली आणि पुन्हा तोंड पुसलं. "तो जायच्या तीन दिवस आधी, सोमवारी, फोन आला होता. येत्या रविवारी न्यायला येतो म्हणाला. पोलिसांना सांगितलं. ते म्हणाले, सगळेच असं सांगतात."

"सात नंबरला ओले कपडे घातलेत. कागद न लावता."

तिने मान झटकली. "मी घातले असं वाटतं तुम्हाला? त्या लाल कपड्याचा रंग काढून काढून माझ्या बोटांची सालं निघालीत. ओला कपडा कोण चढवेल? ज्याला काहीच माहीत नाही, तोच."

दुपारी चाकणला गेलो. शेखर हा निरंजनचा मित्र. परदेशातून शरीरं मागवायचा तो, आणि कागद गुंडाळायची युक्तीही त्याचीच. कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर तो भेटला. नखांच्या कडांत काळं ग्रीस रुतलेलं होतं.

"आमचं वाजलं होतं, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "मला सात नंबर प्रदर्शनात मांडायचा होता. तो म्हणाला, बापाला स्टॉलवर उभा करणार नाही. मी म्हटलं, राव, तुझा बाप प्लॅस्टिकचा आहे. तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून बोलला नाही."

"गुरुवारी तू कुठे होतास?"

"कंपनीत, ओव्हरटाइमला."

"गुरुवारी तर सुट्टी असते."

"लाइनला असते. मेंटेनन्सवाल्यांना मुद्दाम गुरुवारीच बोलवतात, सगळं बंद असतं म्हणून. गेटवर नोंद आहे, बघून घ्या." त्याने ग्लास ठेवला. "काका, तुम्ही पोलीस झालात का?"

मी ओशाळलो. पण त्याच्या हातांकडे पाहिलं होतं. त्या हातांनी सात नंबर धरला असता तर ठसे काळे पडले असते.

४

परतताना काळेवाडीत उतरलो. तळमजल्यावर मंजुळाबाई, म्हणजे घरमालकीण, पडवीत सूप घेऊन बसल्या होत्या. यजमान सोपानराव वारून तीन वर्षं झाली. मूळ गावचे लोक. शेतं गेली, त्यावर इमारती आल्या. आता भाडं येतं. रविराज सगळा कारभार बघतो.

"या मास्तर, बसा. पानी घ्या." त्यांनी तांब्या पुढे केला. बोटांची टोकं पिवळी होती.

"वर्षाची हळद?"

"व्हय. गुरुवारी दळून आनली. त्यो पडला तवा मी गिरनीतच हुते. तीनला गेले ती पाचला आले. आले तर दारात ही गर्दी. लई वाईट झालं बगा. गुणाचं पोरगं."

मी काही न विचारताच त्या हे सगळं बोलल्या. पण म्हातारी माणसं बोलतातच. मीही बोलतो.

गच्चीवर रविराज होता. हातात पाण्याचा पाइप घेऊन कठड्याच्या भिंतीवर पाणी मारत होता. एका कोपऱ्यात वाळूचा ढीग, विटा, आणि वर चढवायच्या मजल्याच्या सळया.

"काका, तुम्ही वर? चक्कर येईल हां."

"इथूनच का?"

"हो, तिथूनच. मी खालून बघितलं. कठड्यावर चढून उभा राहिला. हाक मारेपर्यंत गेला." त्याने डोळे मिटले. "डोक्यात गेलं होतं त्याच्या. दिवसभर बाहुल्यांशी बोलायचा."

"भिंत चांगली उंच आहे."

"दिवाळीतच बांधून घेतली. आपल्याकडे सेफ्टी फर्स्ट."

पाणी भिंतीवरून ओघळून माझ्या चपलांपर्यंत आलं. मी मागे सरलो आणि वाळूत काहीतरी टोचलं. नखाएवढा लाकडी चिमटा. बाहुल्यांचे कपडे वाळत घालायचा. मी तो उचलून खिशात टाकला. रविराजने पाइप थांबवला.

"काय सापडलं?"

"काही नाही," मी म्हणालो. माझा आवाज मला चोरट्यासारखा वाटला.

जिना उतरताना पायऱ्या दिसेनात इतका घाबरलो होतो. आपण काय पाहिलं, हे मला तेव्हा समजलंच नाही.

५

ते दुसऱ्या दिवशी समजलं.

गुरुवार होता. अडीच वाजता वाचनालयातला पंखा थांबला. दर गुरुवारी थांबतो. कंपन्या बंद असतात म्हणून वीजवाले दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढतात, आणि आमच्या भागात दुपारची लाइट जाते ती पाचनंतर येते. कित्येक वर्षं हेच चाललंय. मी घाम पुसत त्या थांबलेल्या पंख्याकडे बघत बसलो.

मागच्या गुरुवारीही तो थांबला होता. निरंजन गेल्याची बातमी आली तेव्हा मी पुठ्ठ्याने वारा घेत होतो.

गिरणी विजेवर चालते. मंजुळाबाई तीन ते पाच गिरणीत असतील कशा?

काळेवाडीतल्या गिरणीवर गेलो. पट्टे ढिले, मालक बाकावर झोपलेला. "गुरुवारी दळण नाही काका, सगळ्या गावाला माहितीय," तो डोळे न उघडता म्हणाला. "मंजुळाकाकींनी हळद गेल्या आठवड्यात, बुधवारीच नेली. घरी चाळून डबे भरणार म्हणाल्या."

म्हणजे गुरुवारी दुपारी त्या घरीच होत्या, हळदीने माखलेल्या हातांनी. आणि मग दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली. गवंडी भिंतीवर पाणी मारतात ते ताज्या सिमेंटवर. दिवाळीत बांधलेल्या भिंतीवर एप्रिलमध्ये कोणी पाणी मारत नाही. ती भिंत चार-सहा दिवसांची होती. त्याआधी तिथे काय होतं? नुसत्या रचून ठेवलेल्या विटा. कपडे गच्चीवर वाळत होते, हे चिमट्यावरून दिसतच होतं; निरंजनने वाळत घालायची तार त्यांना बांधली असेल, नाहीतर तो त्यांना टेकला असेल.

त्याने उडी मारली नव्हती. कठडा त्याच्यासकट गेला होता.

सगळं त्या दोन पिवळ्या ठशांवर अवलंबून होतं. मी शक्य तितक्या भराभर तिसरा मजला चढलो. दार उघडं होतं. सात नंबर फळीवर नव्हता.

"रुक्मिणीबाई, सातवा कुठे आहे?"

"गॅलरीत," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलं ना, हळद उन्हात उडते. दोन दिवस ठेवलाय. बघा, निघालं सगळं."

मी मूर्ती हातात घेतली. कमरेचा लाल डाग तसाच होता. खांदे स्वच्छ होते.

६

मी पायरीवर बसलो. घरी निघून जावं असं फार वाटलं. पुरावा मीच घालवला होता. आता पोलिसांना काय सांगणार? एका बाहुलीला हळद लागली होती, पण ती मीच उन्हात उडवायला लावली? रविराजने मला गच्चीवरून खाली हाकललं असतं तरी मी काही बोललो नसतो, हे मला ठाऊक होतं.

पण वर त्या बाई बसल्या होत्या, आणि त्यांचा एकच प्रश्न होता.

मूर्ती पिशवीत घालून मी खाली गेलो. मंजुळाबाई एकट्याच होत्या.

"मंजुळाबाई, माझ्याकडे पुरावा नाही," मी म्हणालो. "होता तो मीच उन्हात घालवला. पण मला माहीत आहे. त्या दिवशी गिरणी बंद होती. तुम्ही हळद चाळत होतात. निरंजनची खोली उघडी होती. तुम्ही आत गेलात आणि ह्याला कपडे घातलेत. ओले." मी मूर्ती त्यांच्यासमोर ठेवली. "का, तेवढं मला समजत नाही. कपडे फेकून द्यायचे."

त्या मूर्तीकडे बघत राहिल्या.

"ह्यो कोन हाय?" त्यांनी हळूच विचारलं. "चेहरा माणसाचा वाटतो."

"निरंजनचे वडील."

त्यांच्या हातातलं सूप खाली गेलं. मग त्या बोलायला लागल्या.

"रव्यानं तार तोडली. त्ये कपडे माझ्या हातात कोंबले आन म्हनला, आत टाक जा, कुनाला दिसाया नको. मी वर गेले. टेबलावर ह्यो उघडा पडला हुता. घरात मयत झालेलं, आन ह्यो उघडा. आमी देवाला कवा उघडं ठिवत न्हाई, मास्तर. आंघोळ घातली की आदी वस्त्र. हात आपसूक गेला. वस्त्र चढवलं आन फळीवर हुबा केला." त्यांनी पदर तोंडाला लावला. "ओलं हाय का कोरडं, कुठं सुचतंय."

"विटा सुट्या होत्या?"

"व्हय. मजला चढवायचा म्हनून जुना कठडा पाडला हुता. परवानगी न्हाई. गवंडी दोन दिस आला न्हाई, म्हनून रव्यानं नुसत्या रचल्या. त्यो तार ताणाया टेकला आन विटांसंगं गेला. मी खाली हुते, आवाज ऐकला. रव्यानं खालच्या विटा उचलल्या, वर नेऊन पुन्ना रचल्या. मंग पोलीस आले."

"आई!"

रविराज दारात उभा होता. आधी त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मूर्तीकडे. "तू आत जा. काका, तुम्ही निघा. म्हातारी भ्रमिष्ट झालीय, काहीही बोलते."

माझे पाय खरोखरच दाराकडे वळले होते. पण मंजुळाबाई उठल्या. त्यांनी मूर्ती उचलली, पदराने तिची कंबर झाकली आणि जिना चढायला लागल्या. रविराजने त्यांचा दंड धरला.

"सोड. तुझ्या बापानं बांधलेला कठडा चांगला हुता. त्यो पाडाया मी नको म्हनले हुते. तवा ऐकलं न्हाईस."

त्याने हात सोडला. मी त्यांच्या मागून चढलो.

रुक्मिणीबाई फळीपाशी होत्या. मंजुळाबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. बसूनच, मान वर न करता, मला सांगितलं होतं त्याच क्रमाने. मधे रविराज जिन्यात येऊन थांबला. आत आला नाही.

रुक्मिणीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पडताना वरडला का त्यो?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"काय म्हनला?"

"आई म्हनला," मंजुळाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, माझाच पोरगा हाक मारतोय. म्हनून पळत आले मी."

रुक्मिणीबाईंनी मूर्ती मागून घेतली आणि मांडीवर ठेवली.

"भाऊ, दिपालीला फोन लावा," त्या म्हणाल्या. "मी बोलते तिच्याशी. माझ्याच तोंडानं बोलते."

मी फोन लावला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

शुक्रवारी सकाळी दोघी चौकीत गेल्या. दिपाली पिंपळे गुरवहून थेट तिथेच आली आणि सासूच्या शेजारी बसली. मी मागच्या बाकावर होतो. मंजुळाबाईंनी सांगितलं, तिथल्या माणसाने लिहिलं, आणि त्यांनी अंगठा उठवला. हळद अजून पुरती गेली नव्हती. शाईच्या कडेने कागदावर पिवळसर कड आली.

संध्याकाळी मी यादी पुरी केली. निरंजनच्या वहीत सात नंबरच्या पानावर त्याची शेवटची नोंद होती: गुरुवार, तिसऱ्यांदा धुतला, चिंधी लाल. त्याखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं:

कपडा काढून ठेवला. अंगावर लाल डाग, कमरेला आणि मानेला, जाणार नाही. खांद्यावर पिवळे ठसे दोन. होते.